कॅलिफोर्नियातलं घरचं सोलर आणि बदललेलं नेट मीटरिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅलिफोर्नियात घर असलेल्या किंवा घर घेऊ पाहणाऱ्या मराठी मंडळींकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एका जागी मांडले आहेत. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. उत्तरं पीजी अँड ई, सदर्न कॅलिफोर्निया एडिसन आणि सॅन डिएगोची एसडीजी अँड ई या तीन वीज कंपन्यांच्या ग्राहकांसाठी आहेत. तुमची कंपनी वेगळी असेल तर आधी प्रश्न 5 वाचा. युनिट म्हणजे एक किलोवॉट-तास, आपण भारतात म्हणतो तेच.

1. नेट मीटरिंग म्हणजे नक्की काय? सगळे बोलतात, पण नीट कुणी सांगत नाही.

छतावर तयार झालेली वीज आधी घरात वापरली जाते. उरलेली मीटरमधून बाहेरच्या तारांत जाते. सूर्य मावळला की वीज बाहेरून आत येते. नेट मीटरिंगमध्ये दिलेली युनिटं घेतलेल्या युनिटांतून वजा होतात आणि तुम्ही फक्त फरकाचे पैसे भरता. कॅलिफोर्नियात ही सोय 1990 च्या दशकाच्या मध्यापासून आहे. तिची खरी किंमत वजाबाकीत नव्हती, भावात होती. दिलेल्या युनिटला जवळपास तोच भाव मिळायचा ज्या भावात तुम्ही युनिट घेता. दुपारी दिलेलं युनिट रात्री जवळजवळ तसंच परत मिळत असे, म्हणजे ग्रिडच तुमची फुकटची बॅटरी होती.

2. मग बदललं काय? आणि कधी?

राज्याच्या सेवा नियामक आयोगाने, म्हणजे सीपीयूसीने, 15 डिसेंबर 2022 रोजी पाच विरुद्ध शून्य मतांनी नवी पद्धत मंजूर केली. 15 एप्रिल 2023 पासून आलेले अर्ज त्या पद्धतीत जातात. अधिकृत नाव नेट बिलिंग, लोकांच्या तोंडी नेम 3. नेम म्हणजे नेट एनर्जी मीटरिंग, आणि त्याची आधीची दोन रूपं नेम 1 आणि नेम 2.

आता युनिटातून युनिट वजा होत नाही. घेतलेल्या विजेचं बिल किरकोळ दराने लागतं आणि दिलेल्या विजेचे पैसे घाऊक हिशोबाने जमा होतात. शेतकऱ्याने बाजार समितीत टोमॅटो द्यावेत आणि संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून तेच टोमॅटो विकत आणावेत, तसा हा व्यवहार आहे.

आयोगाचं म्हणणं असं, की सोलर नसलेल्या घरांवर तारा-खांबांचा खर्च सरकतो. आयोगाच्याच पब्लिक ॲडव्होकेट्स ऑफिसने 2024 साठी हा भार 8.5 अब्ज डॉलर असल्याचा अंदाज दिला. सोलरवाल्या संघटनांना तो हिशोब मान्य नाही. छतावरच्या विजेमुळे नव्या तारा आणि वीजकेंद्रं किती वाचली हे त्यात नीट धरलेलं नाही, असं त्या म्हणतात. मला दोन्ही बाजूंत तथ्य दिसतं. पण एक गोष्ट वादापलीकडची आहे: एप्रिलमधल्या दुपारी कॅलिफोर्नियात वीज वाहून जाईल इतकी असते आणि संध्याकाळी सातला तिची ओढाताण होते. नव्या दरांचं सगळं गणित त्यावर उभं आहे.

3. आम्ही नेम 1, नेम 2 की नवीन? बिलावर कळत नाही.

अर्जाच्या तारखेवरून कळतं. पॅनल कधी बसले ते इथे गौण आहे. एसडीजी अँड ईचे ग्राहक 2016 च्या जूनअखेरपासून, पीजी अँड ईचे 2016 च्या डिसेंबरच्या मध्यापासून आणि एडिसनचे 2017 च्या जुलैपासून नेम 2 मध्ये गेले. त्याआधीचे सगळे नेम 1. पूर्ण भरलेला अर्ज 14 एप्रिल 2023 पर्यंत पोहोचला असेल तर नेम 2, मात्र यंत्रणा 15 एप्रिल 2026 पर्यंत चालू होणं गरजेचं होतं. शेवटच्या आठवड्यात इतकी गर्दी झाली होती की अनेकांचे पॅनल त्यानंतर वर्षभराने बसले. तरीही ते नेम 2 मध्येच आहेत.

खात्री करायची तर कंपनीच्या संकेतस्थळावर तुमच्या खात्यातली दरयोजना बघा, आणि ‘परमिशन टू ऑपरेट’चं, म्हणजे यंत्रणा चालू करायच्या परवानगीचं, पत्र शोधून जपून ठेवा. पुढच्या निम्म्या उत्तरांत त्याच पत्रावरची तारीख लागणार आहे.

4. जुने नियम आम्हाला कायमचे लागू का?

कायमचे नाहीत, वीस वर्षं. आणि ती मोजायची यंत्रणा चालू करायला परवानगी मिळाली त्या दिवसापासून. 2012 मध्ये परवानगी मिळालेलं घर 2032 पर्यंत नेम 1 वर राहील. नंतर ते तेव्हाच्या चालू पद्धतीत जाईल. 2008-09 च्या सुमारास सोलर घेतलेल्या पहिल्या फळीतल्या घरांची मुदत आता जवळ आली आहे. त्यांनी प्रश्न 8 आत्ताच वाचावा.

5. आम्ही सांता क्लारात राहतो. हे सगळं आम्हाला लागू आहे का?

नाही. सांता क्लारात वीज शहराच्या मालकीची सिलिकॉन व्हॅली पॉवर देते. पालो आल्टो, अलामेडा, सॅक्रामेंटो आणि लॉस एंजेलिस या शहरांतही सार्वजनिक मालकीच्या कंपन्या आहेत. सीपीयूसी त्यांचे सोलरचे दर ठरवत नाही, त्यांचं मंडळ किंवा नगर परिषद ठरवते. सॅक्रामेंटोच्या स्मड या वीज कंपनीने तर आयोगाच्या आधीच, 2022 च्या मार्चपासून, नव्या सोलरसाठी युनिटला 7.4 सेंटचा भाव लावला.

सनीवेल, क्युपर्टिनो किंवा फ्रीमाँटमधल्यांचा घोटाळा वेगळा असतो. बिलावर सिलिकॉन व्हॅली क्लीन एनर्जी किंवा ॲव्हा कम्युनिटी एनर्जीचं नाव दिसतं आणि वाटतं, आपण पीजी अँड ईचे नाही. तसं नसतं. वीज खरेदी ती संस्था करते, पण तारा आणि मीटर पीजी अँड ईचेच, आणि या पानावरचे नियम लागू. फक्त वर्षअखेरीस उरलेल्या जादा विजेचा भाव या संस्था स्वतः ठरवतात.

6. नव्या पद्धतीत दिलेल्या युनिटला किती मिळतात? कुणी पाच सेंट म्हणतं, कुणी दोन डॉलर.

दोघंही खोटं बोलत नाहीत. भाव तासागणिक वेगळा असतो. दिवसाचे 24 तास, वर्षाचे 12 महिने, आणि कामाचे दिवस व सुट्टीचे दिवस वेगळे, असे मिळून 576 भावांचं कोष्टक असतं. त्या तासाला तुमची वीज आली नसती तर कंपनीला किती खर्च आला असता, यावरून आकडा निघतो. मार्च-एप्रिलच्या दुपारी तो काही सेंटांत असतो. ऑगस्ट-सप्टेंबरच्या उकाड्यात, संध्याकाळच्या मोजक्या तासांना, तो डॉलरच्याही वर जाऊ शकतो. पण त्या वेळी तुमचे पॅनल निजायच्या बेतात असतात, म्हणून बॅटरी नसलेल्या घराला दोन डॉलरचा भाव फक्त कोष्टकात दिसतो. सरासरीने पाच ते आठ सेंट धरून चाला. घेताना मात्र ऋतू आणि वेळेनुसार तीस ते साठ सेंट मोजावे लागतात.

2027 संपेपर्यंत नव्याने जोडणी घेणाऱ्यांना हे कोष्टक नऊ वर्षांसाठी बांधून मिळतं. पीजी अँड ई आणि एडिसनच्या घरगुती ग्राहकांना त्यावर थोडी वाढही मिळते, पण जितकं उशिरा याल तितकी ती कमी. सॅन डिएगोकरांना ती वाढ नाही.

7. ॲप म्हणतं आम्ही जितकी वीज वापरली तितकीच तयार केली. मग दोनशे डॉलर बिल कसलं?

हा सर्वांत जास्त येणारा प्रश्न, म्हणून थोडं सविस्तर.

समजा दिवसाला 30 युनिटं तयार होतात आणि 30 लागतात. दुपारी सूर्य तळपत असताना घरात वापरली जातात त्यातली 10. मंडळी कामावर, मुलं शाळेत, फ्रिज आणि वायफाय चालू. उरलेली 20 बाहेर गेली. संध्याकाळी स्वयंपाक, एसी, धुणं, गाडीचं चार्जिंग यासाठी 20 आत आली. जुन्या पद्धतीत वीस वजा वीस, प्रश्न मिटला. नव्या पद्धतीत मीटर दोन्ही दिशा वेगळ्या मोजतं, क्षणाक्षणाला. दिलेल्या 20 युनिटांचे सहा सेंटने 1 डॉलर 20 सेंट जमा, घेतलेल्या 20 युनिटांचे चाळीस सेंटने 8 डॉलर नावे. दिवसाला 6.80, महिन्याला दोनशेच्या घरात. ॲप युनिटं दाखवतं, कंपनी पैसे मोजते.

याचा सरळ इलाज म्हणजे कामं दुपारी ढकलणं. डिशवॉशर आणि ड्रायर बाराला लावा. पाणी तापवायचा हीट पंप असेल तर त्याला दुपारची वेळ लावून द्या. घरून काम करत असाल तर गाडी दिवसा चार्ज करा. एसीने घर तीनपर्यंत थंड करून ठेवा, कारण चारनंतर दर चढतात आणि चार ते नऊ हा सर्वांत महाग पट्टा. दिवाळीचा फराळ इंडक्शनवर करणाऱ्यांनी चकलीचा घाणा दुपारीच काढावा. दुपारी घरातच वापरलेलं प्रत्येक युनिट तुम्हाला चाळीस सेंट वाचवतं, बाहेर पाठवलेलं सहा सेंट देतं.

8. बॅटरी घ्यावीच लागेल का? सेल्समन म्हणतो तिच्याशिवाय अर्थच नाही.

नेम 1 किंवा नेम 2 वर असाल तर बिलापुरती तरी अजिबात घाई नाही, ग्रिड अजून तुमची बॅटरी आहे. नव्या पद्धतीत मात्र सेल्समनच्या म्हणण्यात तथ्य आहे.

प्रश्न 7 मधलंच घर घ्या. बाहेर जाणाऱ्या 20 युनिटांतली 12 बॅटरीत ठेवून संध्याकाळी वापरली, तर 8 जातील आणि 8 येतील. रोजचा फरक 6.80 वरून 2.72 वर येतो, म्हणजे महिन्याला दोनशेऐवजी ऐंशीच्या आसपास. बचत सव्वाशे डॉलर. साडेतेरा युनिटांची बॅटरी बसवून साधारण 12 ते 16 हजार डॉलरला पडते. म्हणजे पैसे फिटायला नऊ-दहा वर्षं, आणि बहुतेक बॅटऱ्यांची वॉरंटी दहाच वर्षांची. महागड्या चार ते नऊच्या पट्ट्यात तुमचा वापर जास्त असेल तर हिशोब यापेक्षा बरा निघेल. दिवसभर घरात कुणी ना कुणी असतं, भारतातून आईवडील येऊन सहा महिने राहतात, दुपारी वापर भरपूर आहे, अशा घराला लहान बॅटरी पुरते किंवा तीही लागत नाही.

मला कुणी विचारलं तर आधी वर्षभराचा तासागणिक वापर डाउनलोड करायला सांगतो. कंपनीच्या खात्यात ‘ग्रीन बटन’खाली तो मिळतो. जो विक्रेता ती फाइल न मागताच दोन बॅटऱ्या सुचवतो, त्याला चहा पाजून पाठवून द्या.

9. रात्री स्वस्तात ग्रिडवरून बॅटरी भरायची आणि सप्टेंबरमध्ये महागात विकायची. चालेल का?

ही कल्पना इंजिनिअर मंडळींना हमखास सुचते. नाही चालत. बाहेर पाठवलेल्या विजेचे पैसे ती सोलरची असेल तरच मिळतात. ग्रिडवरून भरलेली वीज विकून क्रेडिट मिळू नये म्हणून बसवतानाच तशी अट किंवा सेटिंग घातलेली असते. सोलरने भरलेली बॅटरी महाग तासाला बाहेर सोडणं मात्र नव्या पद्धतीत पूर्ण नियमात आहे, आणि चांगल्या प्रणाली ते आपोआप करतात.

10. नेम 2 आहे. बॅटरी लावली तर नेम 2 जाईल?

जात नाही. पण सोबत पॅनलही वाढवत असाल तर पुढचा प्रश्न वाचल्याशिवाय सही करू नका.

11. नवी इलेक्ट्रिक गाडी घेतली, चार पॅनल वाढवायचे आहेत.

जुन्या पद्धतीतल्या घराला मूळ क्षमतेच्या 10 टक्के किंवा 1 किलोवॉट, यातलं जे जास्त असेल तितकी वाढ करता येते. आजचं एक पॅनल चारशे वॉटच्या पुढचं असतं, म्हणजे लहान यंत्रणेला दोन पॅनलवर मर्यादा संपते. ती ओलांडली तर नुसते नवे पॅनल नव्हे, अख्खं घर नव्या पद्धतीत जातं. हे सांगायला बरेच विक्रेते विसरतात. माझं मत: नेम 2 ची दहा-पंधरा वर्षं शिल्लक असतील तर चार पॅनलसाठी ती घालवू नका. गाडी रात्रीच्या स्वस्त दरात भरा.

नव्या पद्धतीत उलट मोकळीक आहे. पुढे वापर वाढणार असं लिहून दिलं तर सध्याच्या वार्षिक वापराच्या दीडपट क्षमता बसवता येते.

12. छप्पर बदलायचंय. पॅनल काढून पुन्हा लावले तर?

तेच पॅनल परत लावले तर हक्क तसाच. मोडलेल्या पॅनलच्या जागी जास्त वॉटचं आलं तर एकूण वाढ प्रश्न 11 च्या मर्यादेत बसवा.

13. सोलर असलेलं घर विकत घेतोय. नेम 2 आम्हाला मिळेल का?

मिळेल. वीस वर्षांची मुदत यंत्रणेला चिकटलेली असते, माणसाला नाही. मूळ मालकाची बारा वर्षं झाली असतील तर उरलेली आठ तुमची. तुम्ही घर बदललं तर जुनी मुदत सोबत नेता येत नाही. 2025 मध्ये राज्याच्या विधिमंडळात घर विकलं की जुना हक्क संपवणारी तरतूद एका विधेयकातून आली होती. गदारोळानंतर ती काढली गेली, पण असे प्रयत्न पुन्हा होऊ शकतात एवढं ध्यानात असू द्या.

सोलर लीजवर असेल तर लीजची कागदपत्रं एस्क्रोच्या (सौदा पूर्ण होईपर्यंत पैसे तिऱ्हाइताकडे राहतात त्या टप्प्याच्या) आधी वाचा, शेवटच्या दिवशी नव्हे. दरवर्षी हप्ता किती टक्क्यांनी वाढतो ते आधी बघा.

14. आता वर महिन्याला चोवीस डॉलरचा आकारही? सोलर असूनही?

हो, सोलर असूनही. 2022 च्या एका कायद्यानुसार आयोगाने मे 2024 मध्ये महिना 24.15 डॉलरचा स्थिर आकार ठरवला. कमी उत्पन्नाच्या घरांसाठी 6 किंवा 12 डॉलर. एडिसन आणि सॅन डिएगोत तो 2025 च्या अखेरीस लागू झाला, पीजी अँड ईसाठी मार्च 2026 ठरला. बदल्यात युनिटचा दर पाच ते सात सेंटांनी उतरतो. दिलेल्या विजेच्या क्रेडिटमधून हा आकार फिटत नाही.

सोलरवाल्यांना तो दोन बाजूंनी लागतो: आकार भरायचाच, वर प्रत्येक वाचवलेल्या युनिटची किंमतही कमी. नव्या पद्धतीतल्यांच्या सक्तीच्या दरयोजनांत मात्र असा आकार आधीपासून होता, म्हणून खरा चटका जुन्या नेम 1 आणि 2 वाल्यांना.

15. केंद्राची 30 टक्के करसवलत अजून आहे का?

स्वतः विकत घेतलेल्या घरच्या सोलरसाठी आणि बॅटरीसाठी ती 31 डिसेंबर 2025 ला संपली. जुलै 2025 च्या कायद्याने ती मुदत आधीची 2034 ओढून अलीकडे आणली. डिसेंबरात नुसती अनामत भरून भागत नव्हतं, काम पूर्ण व्हायला हवं होतं. लीज कंपन्यांना वेगळ्या कलमाखाली सवलत आणखी काही काळ मिळते, म्हणूनच हल्ली दारावर येणारे बहुतेक जण लीजच विकतात. ‘सरकारी फुकट सोलर योजना’ असं कुणी म्हणालं तर दार लावून घ्या.

16. ज्या कंपनीने सोलर बसवलं तिचं दिवाळं निघालं. आमचं नेट मीटरिंग बुडालं?

नाही. तुमचा करार वीज कंपनीशी आहे, बसवणाऱ्याशी नाही. 2024 मध्ये सनपॉवर आणि 2025 मध्ये सनोव्हासारख्या मोठ्या कंपन्या दिवाळखोरीत गेल्या, तरी त्यांच्या ग्राहकांची पद्धत बदलली नाही. अडचण होते ती कारागिरीच्या वॉरंटीची. पॅनल आणि इन्व्हर्टरची (पॅनलची वीज घरात चालेल अशी करणाऱ्या यंत्राची) वॉरंटी उत्पादकाकडे असते, ती वेगळी मागता येते.

17. वीज गेली तेव्हा ऊन असूनही घर बंद पडलं. यंत्रणा बिघडली का?

बिघडली नाही. तारांवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून ग्रिड गेलं की इन्व्हर्टर स्वतःला बंद करतो. बॅटरी आणि घराला ग्रिडपासून तोडणारा स्विच असेल तरच दिवे राहतात. वणव्याच्या भीतीने जिथे वीज मुद्दाम बंद करतात तिथे बॅटरीचा हा उपयोग प्रश्न 8 मधल्या हिशोबाबाहेरचा आहे. त्याची किंमत ज्याची त्याने ठरवावी.

18. कोर्टाने नवे नियम रद्द केले असं वाचलं. थांबावं का?

रद्द केले नाहीत. तीन पर्यावरण संस्थांच्या दाव्यात ऑगस्ट 2025 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाने एवढंच म्हटलं, की खालच्या न्यायालयाने आयोगाच्या निर्णयाकडे फार झुकतं माप देऊन पाहिलं, पुन्हा तपासा. त्या निकालाने नवी पद्धत थांबली नाही. या आशेवर निर्णय लांबवू नका.

19. पुण्यात आईबाबांच्या बंगल्यावर सोलर घालतोय. तिकडेही असंच होणार का?

तिथले नियम वेगळे. महाराष्ट्रात राज्य वीज नियामक आयोगाचे 2019 चे विनियम आहेत. जादा युनिटं आर्थिक वर्षाअखेरपर्यंत पुढे नेता येतात आणि 31 मार्चला उरलेली युनिटं आयोगाने ठरवलेल्या दराने महावितरण घेतं. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी 30,000 रुपये आणि तीन किंवा त्याहून जास्त किलोवॉटला एकूण 78,000 रुपये केंद्राचं अनुदान आहे. मात्र दुपारची वीज दुपारच्याच वापरातून वजा करावी, हा मुद्दा महावितरणच्या 2025 च्या दरप्रस्तावातून तिथेही पुढे आला आणि त्यावर बऱ्याच हरकती आल्या. म्हणून जादा वीज विकून कमाई होईल असं गृहीत धरून मोठी यंत्रणा घालू नका. दोन म्हाताऱ्या माणसांच्या घराला तीन किलोवॉट सहसा पुरतात.

20. तुम्हाला प्रश्न पाठवायचा तर सोबत काय जोडू?

वीज कंपनीचं नाव, परवानगीच्या पत्रावरची तारीख, यंत्रणेची क्षमता किलोवॉटमध्ये, उन्हाळ्यातलं एक आणि हिवाळ्यातलं एक बिल. खाते क्रमांक आणि पत्ता खोडून पाठवा.